छोटूची खोली

माझी ताई शिवणकाम करते. करायची नव्हे, करते. सहासष्टावं लागलंय तरी. सुईत दोरा ओवायला आता मला हाक मारते, पण कात्री एकदा हातात आली की हात तसूभरही हलत नाही. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांची मापं तिला तोंडपाठ आहेत. कुणी समोरून जाताना दिसलं की ख्यालीखुशाली विचारायच्या आधी हिचा डोळा त्याच्या कमरेवर जातो आणि माझ्या कानाशी लागून सांगते, दीड इंच वाढली बघ. चुकत नाही कधी. नुसतं बघून माणसाचा गळा, छाती, बाही सांगेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अशा बाईच्या हातून झालं, म्हणून मला जास्त लागलं.

मी मधली. मला घरात कुणी नावानं हाक मारली असेल तर शपथ. वर ताई, खाली छोटू, आणि मी मधली. बत्तीस वर्षं दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे बसले, तेव्हापासून आवाज जरा चढाच लागतो. लोक म्हणतात तिखट आहे. असेन बाई. रोज तीनशे माणसांना रांगेत उभं करून बघा, मग बोला.

आणि छोटू. छोटू म्हणजे आता बावन्न वर्षांचा बाप्या. डोक्याला तुळतुळीत टक्कल, दाढी पांढरी, परदेशात मोठ्या हुद्द्यावर. पण आम्हाला छोटूच. वडील आधीच गेले होते, आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ताई वीसची. ताईनं आईचं मशीन पुढ्यात ओढलं आणि कामाला लागली. मलाही तिनंच वाढवलं म्हणा, पण मी पंधराची होते, निम्मी वाढून झालेली. छोटूला मात्र तिनं कडेवरून खाली ठेवला नाही. तिला स्थळं येत होती, नाही असं नाही. पण आधी याची शाळा होऊ दे, मग कॉलेज होऊ दे, असं करता करता लोकांनी विचारायचं सोडून दिलं. सव्विसाव्या वर्षी तो परदेशी गेला. त्या दिवशी ताईनं शेजारणीचा ब्लाउज उलटा शिवला. तिच्या आयुष्यात तेवढा एकच.

अकरा वर्षांपूर्वी छोटू बायको आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन घरी आला, महिनाभर राहायला. घर तेव्हा कसं होतं ते ऐका. एका ओळीत तीन खोल्या. पुढे ताईची शिवणाची खोली, तिथेच तिची कॉट, मग स्वयंपाकघर, मग मागची मोठी खोली आणि तिच्यापलीकडे अंगण. वर जुनी कौलं, भिंतींना ओल, रंगाचे पोपडे. कुठल्या फरशीवर पाय दिला की ती डुगडुगते हे ताईच्या पायांना ठाऊक होतं, त्यामुळे घरात काही बिघडलंय असं तिला कधी वाटलंच नाही. पाहुण्यांच्या पायांना थोडंच ठाऊक असणार? पहिल्याच दिवशी भावजय ठेचकाळली. न्हाणीघराची कडी लागत नव्हती, म्हणून ती आत गेली की छोटू बाहेर पहारा देत उभा. दुसऱ्या दिवशी अवेळी पाऊस आला आणि नेमका पोरीच्या अंथरुणावर गळला. तिसऱ्या दिवशी पोरगी मागच्या अंगणात बागडायला गेली आणि काटेरी झुडपात पडली. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे. भावजयीच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. संध्याकाळी ते लॉजवर राहायला गेले आणि महिन्याचा बेत दहा दिवसांत गुंडाळला.

निघताना टॅक्सीच्या दारात उभं राहून छोटूनं ताईचे दोन्ही हात हातात घेतले. मी शेजारीच होते, माझ्या कानांनी ऐकलंय. तो म्हणाला, “ताई, घर जरा नीट होऊ दे. मग बघ, कायमचाच येतो.”

मला विचाराल तर ते त्यानं लाजेपोटी म्हटलं. तीन दिवसांत बहिणीचं घर सोडून लॉजवर गेलेल्या माणसाला निघताना काहीतरी गोड बोलावंच लागतं. मी घरी येईपर्यंत ते विसरलेही होते. पण ताईनं ते वाक्य उचललं आणि जिवाशी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिडी लावून कौलं मोजत होती.

तेव्हापासून आमचा रविवार गेला तो गेलाच. ताईची कामाची पद्धत शिवणातली. एक कपडा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला कात्री लावायची नाही. घराचंही तसंच. एका वर्षी एकच काम, पण ते असं की कुणी बोट दाखवता कामा नये. पहिलं वर्ष कौलांचं. दुसरं ओल काढण्याचं. भिंती खरवडून खरवडून माझ्या नाकातोंडात इतका चुना गेला की सोमवारी दवाखान्यात मलाच केसपेपर काढायची पाळी आली. फरशीच्या वर्षी गवंडीकाकांनी एक ओळ दोराभर तिरकी बसवली. त्यांना वाटलं, बाईमाणसाला काय कळतंय. ताईनं दारातूनच एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, उसवा. त्यांनी बरीच कुरकुर केली, पण उसवली.

खिडकीची गंमत तर सांगितलीच पाहिजे. मागच्या खोलीला नावाला एक झरोका होता. ताईला तिथे चांगली खिडकी हवी होती, पोरीला खोलीतून अंगण दिसलं पाहिजे म्हणून. गवंडीकाकांनी भिंत फोडून जागा करून दिली, ताईनं स्वतःच्या टेपनं ती मोजली आणि माप कागदावर लिहून सुताराकडे पाठवलं. आठवडाभरानं सुतार चौकट घेऊन आला. लावायला गेला तर चौकट भिंतीत जाईचना. चारी बाजूंनी दीड दीड इंच मोठी. सुतारानं खिशातून कागद काढला, आकडे पडताळले, बरोबर होते. मग त्यानं विचारलं, माप घेतलं कुणी? ताई अगदी शांतपणे म्हणाली की मापं बरोबरच आहेत, फक्त शिलाईत जाईल म्हणून चारी बाजूंनी मार्जिन ठेवलंय. तीस वर्षं सुतारकाम केलेला तो माणूस, हातातली चौकट भिंतीला टेकवून खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, “मावशी, लाकूड आत दुमडता येत नाही हो.”

ताईनं क्षणभर विचार केला. “मग भिंत उसवू,” ती म्हणाली.

उसवली. पण ती जुनी भिंत, मातीत बांधलेली. गवंडीकाकांनी एक वीट काढायला जावं तर सात खाली येत. दोन दिवसांचं काम पंधरा दिवस चाललं आणि शेवटी सुताराला नवी चौकट करावी लागली, पहिलीच्या दुप्पट. त्या घराला इतकी सुरेख खिडकी केवळ चुकून मिळाली. आता त्या खोलीत सकाळी ऊन येतं ते पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.

मग न्हाणीघर झालं, कडी चांगली दणकट पितळी. मग खोलीतलं सामान. पोरीसाठी ताईनं सुताराकडून छोटा पलंग करून घेतला, कडेला कठडा, पडू नये म्हणून. तिचा हात पुरेल अशा उंचीवर कपडे अडकवायला हुक लावले. खोलीच्या कोपऱ्यात एक बेसिन बसवलं, तेही ठेंगणं, माझ्या मांडीएवढं. पलंगाला पॉलिश मी स्वतः केलं. तीन हात दिले. बोटांचा वास आठवडाभर गेला नाही.

छोटू दर महिन्याला फोन करायचा. फोनवर तो दिसायचा, भावजय दिसायची, पोरगी यायची, हॅलो आत्या म्हणायची आणि पळायची. ताई फोन खोलीभर फिरवायची. ही बघ खिडकी, ही बघ फरशी. तो म्हणायचा, वा ताई, झकास. यंदा जमत नाही गं, पुढच्या वर्षी नक्की. ताई फोन ठेवायची आणि तिच्या चेहऱ्यावर दिवा लागलेला असायचा. मी म्हणायचे, अगं तो नुसता हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय तुला. तिला ऐकूच यायचं नाही. चष्म्याचा नंबर वाढला तसा कानांचाही वाढला की काय कोण जाणे.

आता माझंही एक सांगते, म्हणजे मनात राहायला नको. सहा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. आम्हाला मूलबाळ नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर, मी एकटी. ताई आली आणि मला घरी घेऊन गेली. महिनाभर मी तिच्याकडे होते, शिवणाच्या खोलीत, मशीनशेजारी खाली गादी टाकून. मागची खोली तेव्हा रंगवून, पडदे लावून तयार होती आणि तिला कुलूप होतं. एके दिवशी मीच म्हटलं की मी मागे झोपत जाऊ का, इथं पायांशी मशीन येतं. ताई गडबडली. म्हणाली, ती छोटूची खोली आहे गं, अचानक आला म्हणजे? ती वाईट मनानं म्हणाली नाही. वाईट मनानं म्हणाली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. महिना भरला आणि मी माझ्या तिसऱ्या मजल्यावर परत आले. त्या घराच्या भिंती मी खरवडल्या होत्या, पलंग मी चमकवला होता. एकदा, फक्त एकदा तिनं म्हणावं, मधले, तू राहा इथं, एवढंच मला वाटत होतं. ती म्हणाली नाही आणि मी मागितलं नाही. माझं नाक जरा वर असतं, काय करणार. पण रविवार एकही चुकवला नाही.

शेवटची चार वर्षं अंगणात गेली. आधी ती झुडपं. ताईनं जुन्या जीन्सचे दुहेरी हातमोजे शिवले, एक जोड तिला, एक मला, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या कुदळी घेऊन भिडलो. मुळं अशी खोल की एकेका झुडपानं आमच्या नाकी नऊ आणले. झुडपं गेली तर खाली दगड. घरातून निघालेल्या विटांचे तुकडे तर अंगणात ढिगानं पडलेच होते. त्यांची ताईनं कडेकडेनं पायवाट केली. मधली जमीन चाळणीनं चाळली. खरंच सांगते, पीठ चाळतात तशी. पोरगी अनवाणी धावली तरी पायाला खडा लागता कामा नये. मग हिरवळ लावली, एकेक जुडी, ओळीनं, टाक्यासारखी सारख्या अंतरावर. संध्याकाळी पाईप घेऊन पाणी घालत उभी राहायची आणि रिकाम्या हिरवळीकडे असं बघायची की मला मान वळवावी लागायची.

आणि यंदा छोटूचा फोन आला. येतोय म्हणाला. भावजयीला सुट्टी नाही, पण पोरीला घेऊन येतो, आठ दिवस. तिकिटं काढली आहेत.

ताई खुर्चीवर बसली ती उठेना. मी पाणी दिलं. नंतर म्हणाली, यायच्या आत मागचं फाटक तेवढं रंगवून घेऊ. आम्ही फाटक रंगवलं, कुलूप काढलं, गाद्यांना ऊन दिलं. बरोबर अकरा वर्षं झाली होती आणि घरात बोट दाखवायला जागा उरली नव्हती. ताई त्या आठवड्यात मला तीनदा म्हणाली, आता त्याला काही म्हणायला जागा नाही. तिचा जीव एका वाक्याला टांगला होता आणि ते वाक्य बोलणारा आता दारात येणार होता.

टॅक्सी थांबली. छोटू उतरला, ताईच्या गळ्यात पडला. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि एक मुलगी उतरली. लांबच लांब. बापापेक्षा चार बोटं उंच. आमच्या दारातून आत येताना तिनं मान खाली घातली.

फोनमध्ये चेहरा दिसतो. उंची कुठे दिसते?

ताई तिच्याकडे बघतच राहिली. गिऱ्हाइकाकडे बघते तशी, डोक्यापासून पायापर्यंत, आणि पुन्हा पायापासून वर. आख्ख्या वस्तीतल्या पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवणारी बाई ती. फ्रॉकला खाली चार बोटं दुमड ठेवल्याशिवाय आईच्या हातात द्यायची नाही. पोर काय, बघता बघता वाढतं, असं दहा जणींना सांगायची. आणि आमच्या भाचीसाठी तिनं चार वर्षांच्या मापाची खोली बेतून ठेवली होती. तिला म्हणायला मला तोंड नाही. मीही तिथेच होते, माझ्याही डोक्यात ती पोरगी काट्यांत पडलेली तेवढीच राहिली होती.

पोरगी गोड निघाली. बेसिनवर तोंड धुवायला ती गुडघे टेकून बसली आणि हसली. पलंगाबाहेर पाय जातात म्हणून तिनं कठडा काढून खाली स्टूल ठेवलं, त्यावर उशी. खिडकी तिला फार आवडली. दिवसभर खिडकीत पुस्तक घेऊन बसायची. हिरवळीवर मात्र गेली नाही, उन्हात डोकं दुखतं म्हणाली. ताई सगळ्याला हो हो म्हणत होती. मी तिला एवढी कमी बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपार उतरल्यावर छोटू मागच्या पायरीवर चहा घेऊन बसला होता. ताई त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी दोरीवरचे कपडे काढत होते. मला कळलं की आता ही विचारणार.

“आता घर नीट झालं बघ,” ताई म्हणाली. “तू म्हणाला होतास तसं.”

छोटूनं मान डोलावली. घर सुंदरच झालंय म्हणाला, तिथल्या मित्रांना फोटो पाठवलेत म्हणाला. मग हसत हसत त्यानं विचारलं, “पण मी काय म्हणालो होतो?”

ताईनं त्याला त्याचं वाक्य सांगितलं. एक अक्षर इकडचं तिकडे न होऊ देता. घर जरा नीट होऊ दे, मग बघ, कायमचाच येतो.

त्याला आठवेना. सोंग नव्हतं ते, मी त्याचा चेहरा बघत होते. त्यानं खरंच आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून, आणि त्याला काही म्हणजे काही आठवलं नाही. “असं म्हणालो होतो मी?” तो म्हणाला. “कधी गं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं पांघरूण त्याच्या डोक्यावर फेकून द्यावंसं वाटलं. अकरा वर्षांचे रविवार, भिंतींचा चुना, चाळलेली माती, सगळं तोंडाशी आलं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. छोटू एव्हाना कावराबावरा होऊन सांगत होता, पोरीची शाळा आहे, तिथं स्वतःचं घर आहे, भावजयीची नोकरी. जाताना माणूस काहीतरी बोलून जातो गं ताई, तू काय मनाला लावून घेतलंस. त्याचे डोळे भरले होते. वाईट नाहीये तो. वाईट असता तर बरं झालं असतं.

ताई म्हणाली, छे रे, मी आपलं असंच म्हटलं. आणि त्याला विचारलं की आणखी चहा टाकू का.

आठ दिवस संपले. जाताना पोरीनं ताईला घट्ट मिठी मारली, ताईचं डोकं तिच्या खांद्याशी आलं. टॅक्सीच्या दारात छोटू काहीच बोलला नाही. बोलायला घाबरला असावा.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले तर ताई शिवत बसलेली. काय काम काढायचं आज, म्हटलं. काही नाही म्हणाली. मागची खोली उघडीच होती, कुलूप नुसतं कडीला लटकत होतं. अंगणात गेले तर हिरवळ पिवळी पडायला लागलेली. आठ दिवसांत तिनं पाण्याचा थेंब घातला नव्हता. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. पाईप लावला आणि पाणी घालता घालता छोटूपासून सुरुवात करून गवंडीकाकांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. एवढं रान उपटून लावलेलं गवत असं जाळायचं असतं का, तुझ्या छोटूला तहान नसेल, याला आहे. आतून मशीनचा आवाज चालूच. पुढच्या रविवारी तसंच. मी पाणी घालायचे, बडबडायचे, घरी जायचे. ती जेवली का विचारलं तर जेवले म्हणायची आणि पातेलं बघावं तर कालचं.

तिसऱ्या रविवारी मशीनचा आवाज थांबला. ताई मागच्या दारात येऊन उभी राहिली. मी पाणी घालत होते. म्हणाली, “मधले, तू इकडे राहायला का येत नाहीस?”

सहा वर्षं मी या एका प्रश्नासाठी डोळ्यांत प्राण आणून बसले होते. आणि तो आला तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. छोटू नाही म्हणाला म्हणून आता मी. त्याच्यासाठी बेतलेलं त्याला झालं नाही, म्हणून उरलेलं मला. माझ्या वाट्याला सदा असंच. तिला जरा कळू दे, असं वाटलं. मी पाईपवरची नजर न काढता, अगदी सहज आवाजात म्हटलं, “बघू. उन्हाळा जरा सरू दे, मग येतेच.”

म्हटलं आणि माझंच मला ऐकू आलं. आवाज माझा होता, पण वाक्य छोटूचं होतं. मी वळून बघितलं. ताईच्या चेहऱ्यावर तो फोननंतरचा दिवा लागायला लागला होता. अगदी तसाच. तिनं माझंही वाक्य उचललं होतं. उन्हाळा कधी सरतो याची ती वाट बघत बसली असती, हिरवळीला पाणी घातलं असतं, आणि मी तिसऱ्या मजल्यावर बसून माझा रुसवा कुरवाळला असता. आमच्या दोघींकडे अकरा वर्षं आहेत कुठं?

मला भीती वाटली. खरीखुरी भीती. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ताईच्या चेहऱ्यावरचा तो दिवा लागता लागता थांबला. तिनं पायरी उतरून माझ्या हातातला पाईप काढून घेतला, पाणी बंद केलं, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“कधी?” तिनं विचारलं.

छोटूला अकरा वर्षांत हा एक शब्द तिनं कधी विचारला नव्हता. भिंती उसवायला घाबरली नाही, पण एवढं विचारायला घाबरली. आता माझ्यासमोर उभी राहून विचारत होती. तिला माझ्यापेक्षा तो हवा होता, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तरी ती हलली नाही.

“एक तारखेला,” मी म्हणाले. आवाज चढा लावायला गेले, पण लागला नाही.

“सकाळी की संध्याकाळी?”

“सकाळी. नऊपर्यंत येते.”

“नऊ म्हणजे नऊ,” ताई म्हणाली.